डावा खांदा, अर्धा इंच खाली

३ फेब्रुवारी, सोमवार

आज माझा ब्लॉग सुरू झाला. म्हणजे भावजयीनं सुरू केला आणि नाव माझं लावलं. तीस वर्षं मी लोकांचे कपडे उसवते आणि पुन्हा शिवते. त्यात लिहिण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. पण ती म्हणाली, "ताई, मशीनवर बसून दिवसभर जे बोलता ना, तेच फक्त लिहून काढा. लोक वाचतील बघा."

गोड बोलली. ती गोड बोलली की मी सावध होते. पुढची खोली, जिथं माझं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायचा पडदा आहे, ती तिला केव्हापासून हवी आहे. तिला घरूनच ऑफिसचं काम करायचंय. मला लिहिण्याचा नाद लागला की मशीन आपोआप सुटेल, असा डाव असणार.

ब्लॉगचं नाव 'उसवलं तर'. हे मात्र माझं. पहिला लेख यावर, की कंबरेत घट्ट झालेली पॅन्ट आणणारा प्रत्येक पुरुष 'धुतल्यावर आटली' असं का सांगतो. वाचणारे तीन. घरातही आम्ही तिघंच आहोत: मी, धाकटा भाऊ आणि ती.

ही वही वेगळी. ब्लॉगवर सगळं लिहिता येत नाही. ही मशीनच्या खणात, कुलपात राहील.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नवीन गिऱ्हाईक. पस्तिशीची बाई, बोलणं हळू, चप्पल दारात जोडीनं लावून ठेवणारी. एक सदरा आणला होता. त्याला आतून खिसा हवा. कंबरेच्या वर, तळहाताएवढा, बटण लागणारा आणि बाहेरून अजिबात न दिसणारा.

मी टेप काढली. ती म्हणाली, "खिशाला माझं माप कशाला?" म्हटलं, कापड अंगावर कसं पडतं ते कळल्याशिवाय आतला खिसा लपत नाही. मग हात पसरून उभी राहिली. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, बाही साडेएकवीस. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली. विचारलं तर "पडले होते" म्हणाली. पडलेल्या माणसाचं मनगट मोडतं, गुडघा फुटतो. खांदा कसा मोडला हिचा? असो, पडायच्याही तऱ्हा असतात.

सहज विचारलं, घरी कोण कोण? म्हणाली, मी आणि नवरा. नवरा तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे.

इथं माझ्या मनात पाल चुकचुकली. घरात कटिंग मास्तर असताना बाई एका खिशासाठी माझ्याकडे येते? वर म्हणते, "घरी न्यायला पिशवी नको, मी अंगात घालूनच जाईन."

माझ्या मापांच्या वहीत कुणाची नावं नसतात. 'ढेरीवाले वकील', 'दोनदा ठरलेली', 'बाह्या लांबच हव्या'. हिचं नाव लिहिलं 'खिसेवाली'.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

खिसेवालीवर लेख लिहिला. ओळख पटू नये म्हणून सगळं बदललं. वय वाढवलं, तिला दवाखान्यात नोकरीला लावलं, नवऱ्याला फिरतीवर पाठवलं. शेवटी वाचकांनाच विचारलं: या बाईला आत काय लपवायचं असेल?

भावजयीनं वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "ताई, मापं तेवढी खरी ठेवलीत तुम्ही."

"मग? खोटी लिहू?"

"दोन आकडे इकडचे तिकडे केले तर काय बिघडतं?"

काय बिघडतं म्हणे! नाव खोटं लिहीन, गाव खोटं लिहीन. माप खोटं लिहायला माझा हात धजत नाही. हातातली कात्री थरथरेल अशानं. ऑफिसात बसणाऱ्यांना हे नाही कळायचं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन हजार! भाऊ सकाळी चहाचा कप घेऊन पळत आला. खिसेवालीचा लेख कुणीतरी कुणाला पाठवला, त्यानं आणखी कुणाला. खाली प्रतिक्रियांचा पाऊस. कुणी म्हणतं ती दुकानातून वस्तू उचलते, कुणी म्हणतं हेर आहे. एकानं लिहिलंय, नवऱ्यापासून गोळ्या-बिस्किटं लपवत असेल. सगळ्यांना पुढचं हवंय.

मला मात्र चोरीचीच शंका आहे. चोरी नसती तर एवढ्या चोरटेपणानं वागली नसती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

खिसेवाली पुन्हा आली. या वेळी दोन पॅन्टी. आता खिसा मोठा हवा, शाळेचा दाखला चौघडी करून बसेल एवढा. म्हणजे कागदपत्रं! ती कुठल्याशा कार्यालयात नोंदी ठेवायच्या कामाला आहे असं तिच्या तोंडून निघून गेलं. मग तिथलेच कागद पळवत असणार, दुसरं काय.

मी चहा दिला तर खाली बसली नाही. पाठ भिंतीला आणि डोळे दाराकडे. खरा गुन्हेगार असाच उभा राहतो.

लेख दुसरा आजच लिहून टाकला. भावजय घरी यायच्या आत.

७ मार्च, शुक्रवार

घरात काहीतरी शिजतंय. लिहूनच काढते, म्हणजे नंतर कुणी मला 'तुम्हाला उगाच वाटतं' म्हणायला नको.

एक. परवा माझ्या लेखाखाली बिननावाची प्रतिक्रिया आली: 'कोटाचं अस्तर बदलून किती दिवसांत मिळेल?' लेख होता काजांवर. भावजयीनं मला न विचारता उत्तर दिलं: 'दहा दिवस. आणून द्या, मी बघते.' ही कोण बघणारी? हिला सुईत दोरा ओवता येत नाही.

दोन. काल मी दोऱ्याची रिळं आणायला बाहेर पडले, तर टपाल कार्यालयाच्या पायरीवर ही आणि खिसेवाली! भावजयीनं तिच्या हातात एक पाकीट दिलं. खिसेवालीनं ते सदऱ्याच्या आत घातलं. माझ्याच खिशात, मीच शिवलेल्या! मला बघून भावजय म्हणाली, "सहज भेटलो." सहज!

आज तर कहरच केला. म्हणाली, "ताई, खिशांचे दोन्ही लेख काढून टाका ना. ऐका माझं." वीस हजार लोक वाचतायत म्हणून पोटात दुखतंय. खिसेवालीला फितवून स्वतःचा वेगळा ब्लॉग काढायचा बेत आहे, हे सांगायला ज्योतिषी नको. भावाला सांगितलं तर तो वर्तमानपत्रात तोंड घालून "असेल, असेल" म्हणाला. बायकोपुढं याची कधी हिंमत झालीय?

लेख काढणार नाही.

१५ मार्च, शनिवार

खिसेवालीनं कोट आणून दिला. जुन्या बाजारात घेतलेला, जाड, मातकट रंगाचा, अस्तर फाटलेला. अस्तराखाली दोन खिसे हवेत, एक पाठीत. पाठीत! येत्या नाही, पुढच्या मंगळवारी, पंचवीस तारखेला सकाळी अकराला नेणार. ही वेळ तिनं तीनदा सांगितली. "अकरालाच तयार हवा, ताई. मला थांबता येणार नाही."

भावजयीनं पंचवीसला रजा टाकली आहे. भावाकडून कळलं. मला नाही सांगितलं.

१९ मार्च, बुधवार

माझ्या नावानं पत्र आलंय! ईमेल, पण पत्रच ते. एका गृहस्थांना 'लोकप्रिय ब्लॉग कसे सुरू झाले' अशी लेखमाला लिहायची आहे. लिहितात: 'आपल्या ब्लॉगची सुरुवात कशी झाली आणि त्यामागची संस्थापिका कोण, हे वाचकांना कळायला हवं.'

संस्थापिका. हा शब्द मी चार वेळा वाचला. भावजयीला दाखवला नाही. दाखवला असता तर म्हणाली असती, सुरू तर मी करून दिला.

शनिवारी अकराला बोलावलं. ती त्या वेळी बाजारात असते.

२२ मार्च, शनिवार

किती सभ्य माणूस! माझ्यासारख्या संशयी बाईला कुणाबद्दल चांगलं लिहावंसं वाटतं ते असं क्वचितच.

बरोबर अकराला आले. चाळिशीचे, भांग पाडलेला, कडक इस्त्रीचा सदरा. उंबऱ्यातच म्हणाले, "तुमच्यासारखी बाई इतकी वर्षं पडद्याआड राहिली याचंच आश्चर्य वाटतं." बसायच्या आधी टांगलेला एक झगा हातात घेऊन त्याची दुमड उलटी करून बघितली. "टाका बारीक आहे तुमचा." पत्रकाराला टाका कळतो! अंगठ्याच्या नखात निळा खडू होता. दिवसा कुठल्या शाळेत शिकवत असतील. आजकाल लिहून कुणाचं पोट भरतंय?

सुरुवात कशी झाली, कल्पना कुणाची, सगळं विचारलं. कल्पना माझी असं सांगितलं. साधारण माझीच होती. "आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत बायका तुमचे लेख मोठ्यानं वाचतात," म्हणाले. "खिसेवाली तर तोंडपाठ आहे त्यांना."

मग हसून म्हणाले, "खरं सांगा. ती बाई खरी आहे की सजवलेली? डावा खांदा अर्धा इंच खाली, बाही साडेएकवीस. एवढं नेमकं?"

मला रागच आला. "बाकी सगळं सजवते. माप सजवत नाही."

"खांद्याबद्दल काही बोलली?"

"पडले म्हणाली."

"असतात काही बायका धांदरट," म्हणाले आणि पुन्हा हसले.

ती परत येणार का, असं विचारलं. त्यांना ती दुरूनच एकदा बघायची होती, लेखात रंग भरायला. मी कोट दाखवला. पाठीतला खिसा त्यांनी आत हात घालून चाचपला. मंगळवारी अकराला या म्हटलं. शिवाय सांगून टाकलं की आमची भावजय तिला फूस लावतेय, दोघींचं टपाल कार्यालयाशी काहीतरी चालतं. तिचा दुष्टपणा छापून आला तर बरंच होईल.

दोन तास बोलले, पण वहीत एक अक्षर लिहिलं नाही. स्मरणशक्ती दांडगी दिसते.

२३ मार्च, रविवार

काय करून बसले मी.

सकाळी राहवलं नाही, म्हणून भावजयीला सुनावलं, की माझी मुलाखत झाली आहे आणि संस्थापिका म्हणून माझंच नाव येणार. मला वाटलं होतं तिचं तोंड उतरेल. उतरलंच, पण वेगळ्या तऱ्हेनं. तिनं भाजीची सुरी खाली ठेवली. "कोण आला होता? दिसायला कसा होता? ताई, त्याचे हात कसे होते?"

"हाताचं काय? नखात खडू होता थोडा. निळा."

"कापड आखायचा खडू तो, ताई! खिसेवालीचा नवरा होता तो."

मग सगळं सांगितलं. खिसेवालीचा खांदा पडून मोडलेला नाही. नवऱ्यानं दारात चेंगरला, आणि महिनाभर दवाखान्यात जाऊ दिलं नाही, म्हणून तो तसाच बसला. एकदा ती पोलिसांत तक्रार करायला गेली होती. समजूत घालून दोघांना एकत्र घरी पाठवलं. तेव्हापासून तो तिची पिशवी, कपाट, फोन रोज तपासतो. अंगावरचे कपडे तेवढे तपासत नाही. म्हणून खिसे. आपला एकेक कागद ती त्या खिशांतून कार्यालयात नेऊन ठेवत होती. तिच्या डोळ्यांत काय आहे ते भावजयीनं पहिल्याच दिवशी पडद्याआडून बघितलं आणि तिच्या मागोमाग जाऊन विचारलं. भावजयीच्या एका मैत्रिणीनं दूरच्या एका गावात नोकरी आणि खोली बघून दिली. पाकिटात त्या नोकरीचं पत्र होतं. मंगळवारी कोट घ्यायच्या निमित्तानं ती इथं येणार आणि इथूनच बसला बसणार.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडले.

"सांगितलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं, ताई."

जगातल्या सगळ्यांवर संशय घेतला मी. ज्याच्यावर घ्यायचा त्याला चहा दिला, वर बिस्किटं.

तिचं घर कुठं, कार्यालय कुठलं, भावजयीला ठाऊक नाही. तिनंच सांगितलं नव्हतं. जेवढं कमी माहीत तेवढं बरं, म्हणाली होती. निरोप फक्त ब्लॉगवरच्या प्रतिक्रियांतून. कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर ती रोज सकाळी बघते. पण आता तोही बघणार.

मी भावजयीला म्हटलं, मी चुकले. ती म्हणाली, ते नंतर. आधी विचार करा.

२४ मार्च, सोमवार

सकाळी सातलाच लेख टाकला, ती कार्यालयात पोचायच्या आत. तो इथं उतरवून ठेवते:

'वाचकहो, मी तुम्हाला फसवलं. खिसेवाली नावाची बाई कधीच नव्हती. वाचणारे वाढावेत म्हणून मी ती रचली. मापं माझ्या दुकानातल्या जुन्या पुतळ्याची आहेत. मंगळवारी कुणीही येणार नाही. कोट माझाच आहे. मला माफ करायचं की नाही ते तुम्ही ठरवा.'

"'कुणीही येणार नाही' हे तिला कळेल," भावजय म्हणाली. "पण त्याला पटेल का?"

कटिंग मास्तर शब्दांवर विश्वास ठेवत नाही. तो टेपवर ठेवतो. मीही तशीच आहे, म्हणून मला माहीत.

माळ्यावरून पुतळा खाली काढला. चिंध्या भरलेला, छत्तीस छातीचा, दोन्ही खांदे सारखे. पाठ उसवली आणि मूठमूठ चिंध्या बाहेर काढल्या. चौतीस. कंबरेला चार दोरे आवळले. अठ्ठावीस. पुतळ्याला बाह्या नव्हत्या, त्या दोन शिवून, भरून लावल्या. साडेएकवीस. भावजय समोर टेप धरून आकडे वाचत होती.

डावा खांदा शेवटी घेतला. आतली चिंधी दाबत दाबत खाली आणायची होती. नेमका अर्धा इंच. ते करताना मला रडू फुटलं. एका माणसाच्या अंगावर हे दारानं केलं होतं, आणि मी त्यावर प्रश्नमंजुषा घातली होती.

जुने दिसावेत म्हणून नव्या टाक्यांवर चहाचं पाणी फिरवलं.

२५ मार्च, मंगळवार

तो पावणेअकरालाच आला. मी पुतळ्यावर कोट चढवून अस्तराला टाके घालत बसले होते. भावजय बसथांब्याच्या बाजूला उभी राहायला गेली होती, न जाणो खिसेवालीनं लेख वाचला नसेल तर.

"काल काय लिहिलंत ते?" तो म्हणाला. आज हसला नाही.

"खरं ते लिहिलं. तुम्ही छापायच्या आधी सांगितलेलं बरं. आपल्याला मोठं करायच्या नादात तुमच्याशीही खोटं बोलले."

तो म्हणू शकत नव्हता की ती बाई खरी आहे, माझी बायको आहे. तो पत्रकार होता ना! आणि मी म्हणू शकत नव्हते की तू पत्रकार नाहीस. दोघंही एकमेकांच्या खोट्याला धरून बसलो.

त्यानं खिशातून टेप काढली. पत्रकाराच्या खिशात टेप! मी बघितलंच नाही असं केलं. त्यानं कोट काढून बाजूला टाकला आणि पुतळ्याला टेप लावली. छाती. कंबर. बाही. ओठ हलत होते. मग दोन्ही खांद्यांवरून टेप घेतली, पुन्हा घेतली, आणि अंगठ्यानं डावा खांदा दाबला. इतक्या सवयीनं दाबला, जणू रोजचंच.

घड्याळात अकरा वाजले. जिन्यावर पावलं वाजली. मी सुई बोटात खुपसून घेतली. पावलं वरच्या मजल्यावर गेली.

साडेअकरापर्यंत तो दाराशी उभा राहिला. मी टाके घालत राहिले, सगळे वेडेवाकडे. शेवटी म्हणाला, "फुकट वेळ घालवलात माझा. तुमच्यासारख्या बायका घरोघरी आग लावतात." आणि गेला.

भावजय परतली तेव्हा मी दार आतून लावून बसले होते. खिसेवाली थांब्यावर आली नव्हती. म्हणजे तिनं वाचलं असावं. किंवा तो तिला घरात कोंडून इथं आला असेल.

३० मार्च, रविवार

शिव्या येतायत. खोटारडी, ढोंगी, प्रसिद्धीसाठी हपापलेली. वकिलांनी आपल्या पॅन्टी परत मागवल्या, म्हणे तुम्ही आमच्यावरही लिहाल. यात मात्र त्यांचं चुकलं म्हणता येत नाही. एका खऱ्या लेखमालेतून पत्र आलं, 'एका लोकप्रिय ब्लॉगचं पितळ कसं उघडं पडलं' यावर बोलाल का. नाही म्हटलं.

भाऊ म्हणतो ब्लॉग बंद कर. कसा करू? ती कुठूनतरी बघत असेल तर?

रोज सगळ्या प्रतिक्रिया वाचते, एकही सोडत नाही. पुढच्या खोलीत आता अर्ध्या टेबलावर भावजयीचा कॉम्प्युटर आहे. मीच आणून ठेवला.

६ एप्रिल, रविवार

आज शिव्यांच्या रांगेत एक ओळ सापडली. नाव नाही. 'खोटारड्या बाई, तुमचं वाचून मीही आत खिसे शिवून घेतले होते. एवढ्या तासांच्या प्रवासात एक टाका निघाला नाही.' मी 'एवढ्या' लिहिलंय तिथं तिनं तासांचा नेमका आकडा दिला होता.

भावजयीवरच संशय आला, माझी समजूत काढायला तिनंच लिहिलं असणार. तिला बोलावून दाखवलं. तिनं वाचलं, तोंडावर पदर दाबला, आणि आम्ही दोघी त्या अर्ध्या अर्ध्या टेबलाशी उभ्या राहून रडलो. नाही, तिनं नाही लिहिलं.

"उत्तर द्या ना, ताई. नुसतं बरं आहे एवढं तरी."

पण तोही वाचत असेल. एवढे तास म्हणजे किती लांब, हे बस कुठून सुटते ते ठाऊक असणाऱ्याला बोटावर मोजता येतं. नेमका आकडा माणसाला कसा पकडून देतो, हे आता मला शिकवायला नको.

चारशे बारा शिव्या तशाच ठेवल्या. तेवढी एक ओळ काढून टाकली. आकडा इथंही लिहीत नाही.